वरवंटा, फोडणी, कारकून

मांडवीच्या आमच्या घरात शिमगा येतो तो आधी सुहासच्या हातात. सुहास म्हणजे माझा नवरा. फाल्गुन लागला की त्याची बोटं जाग्यावर राहत नाहीत. पोह्यांचा डबा, खिडकीची कड, मी शाळेतून तपासायला आणलेला पेपरांचा गठ्ठा, समोर येईल ते वाजतं. ‘अरे, पोरांच्या मार्कांवर तरी नको वाजवूस,’ म्हणून मी दरवर्षी ओरडते. यंदाही ओरडले. पण गेल्या वर्षापासून शिमगा त्याच्या एकाच हातात येतो. डावा हात मांडीवर नुसता असतो, लग्नघरात कोणी ओळखीचं न भेटलेल्या पाहुण्यासारखा.

बाहेर ऊन चढलंय. दुपारचा वारा समुद्राकडून येतो आणि दाराचे पडदे आत ढकलतो. गावाहून फोन येऊ लागलेत. गाव म्हणजे सुहासचं, पावसच्या पुढे. काजूचे बोंडू पिकून खाली पडतायत, त्यांचा आंबूस वास सगळ्या पाणंदीत भरलाय, मुंबईची मंडळी निघाली, पालखी कधी कुणाच्या अंगणात येणार ते ठरलंय. सगळं ठीक. शेवटी हळूच एक प्रश्न येतो, ‘वैनी, पुढचा ढोल कोण घेणार यंदा?’ मी म्हणते, ‘बघू, विचारून सांगते.’ आणि विचारत नाही. शिमग्याची वाट सगळं कोकण बघतं. मला मात्र तो येऊच नये असं वाटतं, हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

सुहास बोटीवर होता, इंजिनरूममध्ये. आमच्याकडे बोटीवर असणं हे काही नवलाचं नाही. बाकीच्यांचे नवरे सेंटच्या बाटल्या आणायचे, साबण आणायचे. माझ्या नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत काय आणलं, तर कॅसेटी! बोटीवरच्या फिलिपिनो कुकने भरून दिलेल्या, एकावरही नाव नाही, कव्हर नाही. कोण गातंय, कोण वाजवतंय, काही पत्ता नाही. पहिली कॅसेट लावली तेव्हा मी विचारलं होतं, ‘ही भांडी कोण आपटतंय?’ तो हसला नाही. म्हणाला, ‘गाणाऱ्याला सोड. गिटारवाल्याला पण सोड. सगळ्यांच्या मागे एक जण बसलाय, त्याला ऐक.’

मी ऐकलं. पहिल्यांदा नुसता धडधडाट. मग हळूहळू त्या धडधडाटाला हात फुटले, पाय फुटले. हा पायाने ढोल मारतोय, हा डाव्या हाताने मधलं कातडं, आणि उजव्या हाताने झांजांवर पाऊस. एक माणूस चार कामं करतोय आणि चारही वेगवेगळ्या वेळेला. मला वाटलं, मेल्या, हे तर आम्ही बायका रोज सकाळी करतो.

नावं नव्हती, म्हणून आम्हीच ठेवली. माझी स्वयंपाकघरातली आणि त्याची इंजिनरूममधली. त्याची कोणाला कळायची नाहीत म्हणून माझीच टिकली. पहिला वरवंटा. त्याच्या पायाचा ठोका जिथे पडायला हवा तिथून केसभर मागे पडायचा, आणि पडायचा तो सगळं वजन घेऊन. तेवढ्या केसभर वेळात छाती रिकामी व्हायची. दुसरा फोडणी. हा कधी गप्पच बसायचा नाही. मोहरी तडतडली की जिरं, जिरं झालं की मिरची, गाण्यात इतकुशी जागा दिसली की हा काहीतरी टाकणारच. आणि तिसरा कारकून. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, एक ठोका कमी नाही, एक जास्त नाही. मी त्याला कायम शेवटचा नंबर द्यायचे.

त्यावरून आम्ही काय भांडलोय! सुट्टी संपून तो बोटीवर गेला तरी दूरच्या बंदरातून फोन करायचा, आणि दोन मिनिटं आमच्या पोरीची चौकशी झाली की विचारायचा, ‘फोडणी वर घेतलास की नाही?’ माझं म्हणणं, हात बघायचे तर फोडणीचे. असा हात पुन्हा कोणाला झाला नसेल. पण त्याची नक्कल करायला जो गेला तो फसला. त्या कॅसेटींवर पुढच्या काळातले कितीतरी जण होते, फोडणीसारखं करायला जाऊन त्यांनी गाणं करपवलेलं ऐकू यायचं. वरवंट्याचं उलट. त्याच्यानंतरच्या निम्म्या लोकांनी त्याचा तो उशिरा पडणारा पाय उचलला. ‘मग मोठा कोण?’ सुहास विचारायचा. ‘ज्याच्यासारखं कोणालाच जमत नाही तो, की ज्याच्यासारखं सगळेच करायला लागले तो?’ मी सांगायचे, मास्तरणीला विचारू नकोस. वर्गातल्या हुशार पोराला आम्ही पहिला नंबर देतो, पण सगळा वर्ग ज्याच्या मागून चालतो तो पोरगा निराळाच असतो.

‘आणि कारकून?’

‘त्याला काय विचारतोस? त्याची नक्कल झाली तरी कळणार कोणाला?’

आता मोबाइलवर शोधलं तर तिघांचीही खरी नावं मिळतील. शोधायची नाहीत, असं ठरलंय. आणखी एक ठरलेलं होतं, ड्रमरबद्दल खोटं बोलायचं नाही. जेवणाबद्दल, माझ्या माहेरच्या माणसांबद्दल, त्याच्या सुटलेल्या पोटाबद्दल आम्ही एकमेकांशी खुशाल खोटं बोललो. ड्रमरबद्दल एकदाही नाही.

शिमग्याला सुहास कसंही करून बोटीवरून सुट्टी काढायचा, कारण गावात पालखीपुढचा ढोल त्याचा. आमच्याकडे देवीची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, आणि नाचवणाऱ्यांचे पाय ढोलावर चालतात. ढोल दोन. पुढचा पालखी चालवतो, मागचा त्याला धरून राहतो. पुढच्या ढोलाला उजव्या हातात काठी, आणि डाव्या हाताची जड थाप. सुहासची ती थाप केसभर उशिरा यायची. हो, वरवंटा! त्याने तो इंजिनरूममध्ये बसून हातात उतरवला होता. थाप पडेपर्यंत खांदेकऱ्यांचा पाय हवेतच राहायचा, पालखी एका बाजूला कलायची, बायका ‘आई गं’ म्हणायच्या, आणि मग धुम्म! गावाला त्यातलं काही माहीत नव्हतं. गाव म्हणायचं, सुहासच्या अंगात येतं. आजूबाजूच्या दोन-चार गावांतली पोरंही आता थाप उशिरा टाकतात. कुठल्या परक्या देशातल्या कुठल्या माणसाचा पाय, आणि आमची देवी त्याच्यावर नाचते. मला या गोष्टीची फार गंमत वाटायची.

वाजवून, घामाने निथळून तो पडवीत येऊन बसला की त्याचा पहिला प्रश्न, ‘नंबर?’ आणि मी सांगायचे. ‘यंदा फोडणी जास्त झाली. वरवंट्याच्या खाली, फोडणीच्या वर.’ तो मान डोलवायचा. गावात मी त्याला ‘अहो’ म्हणते, घरात सुहास. पण नंबर सांगताना गावातही ‘तू’च तोंडात यायचं, आणि सासूबाई डोळे वटारायच्या.

दोन दिवाळ्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. हलका होता, असं डॉक्टर म्हणाले. चालतो, बोलतो, चिडवतो. फक्त डावा हात गेला, म्हणजे नेमका वरवंटा गेला.

म्हणून गेल्या शिमग्याला पुढचा ढोल मंगेशने घेतला. मंगेश म्हणजे आमच्या गावचा पिठाची गिरणी चालवणारा. भुवया कायम पांढऱ्या. सुहासच्या बरोबरीचा. सुहास पुढचा ढोल वाजवू लागला तेव्हापासून मंगेश मागचा वाजवतोय. सुहास काय करील त्याला धरून राहायचं, एक ठोका कमी नाही, एक जास्त नाही. मी त्याचं नाव काय ठेवलं असेल ते सांगायला नको.

सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, गर्दी फार, म्हणून सुहास गावच्या घरी पडवीत खुर्चीवर बसला होता. मला म्हणाला, ‘जा, ऐकून ये. माझे कान घेऊन जा.’ मी गेले. खरं सांगते, काही अपेक्षा नव्हती. मंगेशने काठी उचलली, सरळ साधं वाजवायला लागला, मी मनात म्हटलं, झालं, कारकून. पालखी उठली. आणि मग मंगेशने एक ठोका सोडला.

चुकला नाही, सोडला. थाप जिथे यायची तिथे आलीच नाही. आणि त्या मोकळ्या जागेत मला पाय ऐकू आले. खांदेकऱ्यांचे अनवाणी पाय, तापलेल्या कातळावर, एकदम. थप्प. त्यात सगळे आले, मुंबईहून कालच उतरलेले, आंब्याच्या बागेत राबणारे, माझ्या वर्गात नापास झालेले. इतकी वर्षं मी ढोल ऐकत होते, पाय कधी ऐकलेच नव्हते. मंगेश पुन्हा वाजवू लागला, पुन्हा सोडला, पुन्हा पाय. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारची काकू म्हणाली, ‘काय गो, सुहासची आठवण इली?’ मी मान हलवली. लाजेने. कारण त्या वेळी सुहास माझ्या मनात कुठेच नव्हता.

इतकी वर्षं ऐकलं, नंबर दिले, भांडले. सुहासच्या ढोलाला मी कधी रडले नव्हते.

घरी आले, पदराने तोंड पुसून. तो वाटच बघत होता. ‘नंबर?’

‘बरा वाजवतो,’ मी म्हटलं. ‘पण तुझी सर नाही.’

त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! आजाराने बसलेले गाल वर आले. तो उजळलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो आणि मला माझीच चीड येते. मी त्याच्या भल्यासाठी बोलले, असं तेव्हा स्वतःला समजावलं. खोटं! मी माझी चोरी लपवायला बोलले. बायकोने नवऱ्यादेखत दुसऱ्या कोणाकडे बघावं, तसं वाटत होतं मला. आता यात हसण्यासारखं काय आहे ते मलाही कळतं. पन्नाशीची बाई, आणि पाप काय, तर पिठाच्या गिरणीवाल्याचा ढोल आवडला.

पण खोटं बोललं की ते बसून राहत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी आमच्या अंगणात आली. बायकांनी ओटी भरली, गाऱ्हाणं झालं, सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. आणि सुहास खुर्चीवरून उठला. ‘मंगेशा, आण इकडे,’ म्हणाला. मंगेशने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मंगेशने ढोल गळ्यातून काढला आणि सुहासच्या गळ्यात घातला.

उजवी काठी सुरेख चालली. पण डाव्या बाजूला काही नाही. हात उठायचा, कातड्यापर्यंत जायचा आणि नुसता पुसल्यासारखा खाली यायचा. खांदेकरी पाय उचलून थापेची वाट बघत उभे. कोणी पाय टेकला, कोणी नाही. पालखी अशी हिंदकळली की गुरव ओरडला, ‘धरा रे!’ मागून मंगेशने एका पोराकडून मागचा ढोल घेऊन जाडा ठेका धरला, त्यावर कशीबशी दोन वेढे नाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगली माणसं आहेत आमची. सुहास घामाघूम, खूश. त्याला कळलं की नाही, हे मी विचारलं नाही.

पालखी पुढच्या घरी निघाली तेव्हा मंगेश माठातलं पाणी प्यायला मागे राहिला. ‘मंगेशभावजी, काल छान वाजवलंत,’ मी कसंबसं म्हटलं.

तो हसला. ‘दादा बोलला मना, वैनी म्हणतात मना त्याची सर नाय. खरा हाय ता. तुमच्याएवढा कान कोणाला हाय गावात? मी कायतरी मधी सोडीत होतो उगीच. आता नाय सोडणार.’

‘अहो, तसं नाही...’

‘नाय नाय, बरा झाला सांगितलंत.’

आणि त्याने खरंच सोडला नाही. शिमगा संपेपर्यंत प्रत्येक अंगणात मंगेश सरळ वाजवत राहिला. भरगच्च, नेटका, कुठे खोट नाही. मी मागून चालत होते आणि पाय ऐकू येत नव्हते. मागच्या ढोलामागे इतकी वर्षं काढून त्याने ती एक जागा शोधली असेल, आणि मी एका वाक्यात ती बुजवली. नवऱ्याला फसवलं ते वेगळंच, त्याच्या मित्राला पुन्हा कारकून केलं. वर्षभर वर्गात मार्क कापताना माझा हात अडतो. पोरं म्हणतात, बाई यंदा मार्क सढळ देतात.

तर परवाची गोष्ट. मी पेपर तपासत होते, सुहास खिडकीशी. गावाहून पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी फोन त्याने उचलला. म्हणाला, ‘पुढचा मीच घेणार. डाव्या हाताला सराव चालू आहे माझा. आणि मंगेशला माझी सर नाही, विचार हिला.’ आणि फोन माझ्यापुढे धरला.

मी फोन बंद करून गठ्ठ्यावर ठेवला.

‘सुहास, नंबर विचार.’

‘कसला नंबर?’

‘गेल्या वर्षीचा. विचार ना.’

त्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘नंबर?’

‘मंगेश. वरवंट्याच्या वर. फोडणीच्या वर. तुझ्याही वर. मी खोटं बोलले.’

त्याचा उजवा हात खिडकीच्या कडेवर वाजत होता तो थांबला. मी सगळं सांगून टाकलं, सोडलेला ठोका, पाय, काटा, पाणी, मंगेश माठाशी काय बोलला ते. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. तो मध्येच म्हणाला, ‘म्हणजे तो सोडत होता? पडवीतून ऐकताना मला वाटलं, वारा फिरला म्हणून ठोका गेला.’ आणि मग, ‘तू रडलीस?’

‘हो.’

‘माझ्या ढोलाला कधी रडली नाहीस.’

तुझ्या ढोलाला मी हसले, नाचले, तुझ्या ढोलासाठी मी बोटीची वाट बघितली, हे सगळं खरं होतं. पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. मी ‘नाही’ म्हटलं. तो उठून आत गेला आणि रात्री जेवताना भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलला. मीठ बरोबर होतं.

काल आम्ही गावी आलो, आणि आज पालखी घरोघरी निघाली ती आधी आमच्या अंगणात आली. सकाळपासून सुहासने पुढच्या ढोलाच्या दोऱ्या ओढून ओढून घेतल्या होत्या, एका हाताने, एक टोक दातात धरून. मी मदतीला गेले तर ‘नको’ म्हणाला. मला वाटलं, हा हट्टाला पेटला, आता गळ्यात घालणार. ओटी भरली. गाऱ्हाणं झालं. मंगेशने मागचा ढोल घेतला होता आणि पुढच्याकडे बघतही नव्हता.

सुहास उठला. ढोल उजव्या खांद्यावर टाकून मंगेशपर्यंत गेला आणि त्याच्या गळ्यात घालायला लागला. एका हाताने जमेना, तेव्हा मंगेशनेच मागचा ढोल एका पोराकडे दिला आणि मान वाकवली.

‘दादा, अरे...’

‘हिने नंबर बदललाय. पुढे हो. आणि ठोका मधी सोडतोस ना, तसाच सोड. मना नीट ऐकूचा हाय. वाऱ्यावर नाय.’

मंगेशने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी खाली बघितलं नाही. म्हटलं, ‘भावजी, गेल्या वर्षी मी खोटं बोलले.’ सगळं गाव ऐकत होतं. कोणाला काही कळलं नाही, पण मंगेशला कळलं. त्याने भुवयांवरचं पीठ पुसलं, जे आज नव्हतंच, आणि काठी उचलली.

सुहास परत येऊन खुर्चीवर बसला, मी त्याच्या बाजूला उभी. पालखी उठली. मंगेश सरळ वाजवत राहिला, जरा घाबरून. मी वाट बघत होते. आणि मग त्याने सोडला. थप्प. आमच्या अंगणात, आमच्या सारवलेल्या जमिनीवर, सगळ्यांचे पाय.

मी ओठ आवळले. कारण सुहास पालखीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी नजर समोर ठेवली, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. पुन्हा थप्प.

‘अगो, रड की,’ तो हळूच म्हणाला. ‘मी तिकडे बघतो.’

आणि त्याने खरंच मान वळवली, काजूच्या झाडांकडे. त्याचा उजवा हात गुडघ्यावर मंगेशचा ठेका धरून होता, आणि जिथे मंगेश सोडत होता तिथे तोही सोडत होता. मी रडले, अगदी हमसून. पालखी गेल्यावरही तो तिकडेच बघत बसला. नंबर त्याने विचारला नाही.